धोंड्याच्या महिन्यात देश बदलत नाहीत

धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी सत्यमनं शारजात बसून एक बटण दाबलं आणि त्याची मुलगी त्याच्या कुटुंबातून वजा झाली.

असं काही झालेलं नाही. लातूरला त्याच्या सासरी हत्तरग्यांकडं विचारा, नांदेडला त्याच्या घरी बारडकरांकडं विचारा, दोन्हीकडं एकच उत्तर मिळेल: जेवण उत्तम झालं, अनारसे जरा कडक होते, जावयाला बोलावलं होतं की, फोनवर. त्यामुळं आपणही तसंच धरून चालू. जेवण उत्तम झालं. ते असं झालं.

अधिक महिन्यात जावयाला जेवू घालावंच लागतं. जावई शारजाच्या गोदामात सुपरवायझर असला, त्याची बायको शिवांगी दिवाळीनंतर पोरीला घेऊन एका लग्नापुरती माहेरी आलेली असली, आणि ते लग्न होऊन त्या नवरीला आता दिवस गेलेले असले, तरी घालावं लागतं. नाही बोलावलं तर संबंध तुटले असा अर्थ होतो. आणि शिवांगी परत आल्यापासून हत्तरग्यांच्या घरात सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट टाळली होती, ती म्हणजे कशाचाही अर्थ होऊ देणं.

तोडगा शिवांगीच्या वडिलांनी काढला. मन्मथअप्पा शिरूर अनंतपाळच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या मते माणसाची हजेरी ही फार लवचीक गोष्ट होती. पाट मांडायचा. पाटाभोवती रांगोळी. पाटावर तांब्या, तांब्याला टेकवून फोन, फोनात जावई. समोर ताट. ताटातलं जेवण जावयाच्या वतीनं जावयाचे वडील जेवतील. 'वतीनं' हा शब्द सापडल्यावर अप्पा दोन दिवस खुशीत होते.

म्हणून सत्यमचे आईवडील, शेषेराव आणि कस्तुराबाई, सकाळच्या गाडीनं नांदेडहून आले. शेषेराव वतीनं जेवायला आले होते. कस्तुराबाई सुनेला न्यायला आल्या होत्या, पण हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण शेषेरावांच्या पोटात भूक सोडून काही राहत नसे.

बैठकीच्या खोलीत शिरल्या शिरल्या कस्तुराबाईंची नजर टीव्हीखाली गेली. तिथं टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळायचा डबा होता. काळा, चपटा, बाजूला निळा दिवा.

"शारजातलाच ना हा?" त्यांनी विचारलं.

"हाव," शिवांगी म्हणाली. "अक्षराचा हाय."

"लग्नाला येताना कुणी टीव्हीचा डबा आणतंय का गं?"

"पोरीला सवय हाय त्याची, आत्याबाई."

कस्तुराबाईंनी मान डोलावली. बॅगेत किती कपडे होते हे त्यांना कुणी सांगितलं नसतं, पण डबा त्यांना दिसत होता. चार दिवसांच्या लग्नाला माणूस फार तर चार्जर आणतो.

*

डब्यासमोर वैजनाथ आणि अक्षरा बसले होते. वैजनाथ म्हणजे शिवांगीचा धाकटा भाऊ. गंजगोलाईच्या मागं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अकरा वर्षांच्या भाचीला त्यानं शब्द दिला होता. तिच्या लातूरच्या नव्या मैत्रिणी जो खेळ खेळत, तो शारजाच्या डब्यातल्या ऑनलाइन दुकानात मिळतच नव्हता. आज तो मिळवून द्यायचा.

"काय म्हणायलंय?" त्यानं विचारलं.

"सदर कार्ड आपल्या देशात ग्राह्य नाही," अक्षरानं वाचलं. पडद्यावर इंग्रजी होतं. पण ह्या घरात इंग्रजी मोठ्यानं वाचायचं तर मराठीतच, आणि मराठी तर कामकाजाचंच, असा अप्पांचा दंडक होता. ती आली तेव्हा तिला 'पोहे' नीट म्हणता येत नव्हतं. आता ती 'सबब' म्हणत असे.

"आपलंच तर कार्ड हाय. लातूरच्या बँकेचं."

"मामा, डब्याला वाटतंय आपण शारजात हावोत."

"मग सांग की त्याला. सेटिंगमध्ये जा. देश बदल."

"असं नसतंय."

"सगळं असतंय. सरक."

आत शिवांगीची आई, सिंधुबाई, अनारसे तळत होत्या. शिवांगी ताटाभोवती महिरप काढत होती. अप्पा तांब्या कुठल्या कोनात ठेवला म्हणजे जावई सरळ दिसेल ते बघत होते. शारजाला फोन लागला. सत्यम दिसला, नव्या शर्टात, पाठीमागं पडदा. सगळ्यांनी त्याला जेवलास का विचारलं. तो म्हणाला, जेवायलाच तर आलोय. सगळे हसले आणि लगेच थांबले.

आणि तेवढ्यात अक्षरानं स्पष्ट आवाजात वाचलं, "आपण निवडलेल्या देशात कायमस्वरूपी वास्तव्यास आला आहात काय?"

आतलं तळण थांबलं. शिवांगीच्या चिमटीतली रांगोळी एकाच जागी पडत राहिली, तिचा छोटा ढीग झाला.

हा प्रश्न ह्या घरात कुणीच विचारला नव्हता. आईनं 'अजून हायेस ना दोन दिवस' असं विचारलं होतं, दर दोन दिवसांनी. अप्पांनी शाळेत नाव घालताना 'तात्पुरता प्रवेश' असं एक पद शोधून काढलं होतं, जे शाळेलाही माहीत नव्हतं. शेवटी तो प्रश्न एका डब्यानं विचारला, आणि खाली उत्तराला दोनच जागा दिल्या.

वैजनाथनं 'हो' दाबलं.

त्यात त्याचा काही डाव होता असं नंतर कस्तुराबाई म्हणत. डाव नव्हता. त्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे फोन काही ना काही विचारत आणि तो न वाचता हो म्हणत असे. वाचत बसलं तर फोन चालूच होत नाहीत, हा त्याचा अनुभव होता.

"आता काय आलं?"

"सदर विनंती पालकांकडे मंजुरीस्तव पाठवण्यात आली आहे," अक्षरा म्हणाली. मग आपल्या आवाजात म्हणाली, "मामा, पालक पप्पा हायेत."

सिंधुबाई कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आल्या होत्या. जावयाला ओवाळायचं होतं. त्यांनी फोनच्या काचेवर, अंदाजानं कपाळाच्या जागी, कुंकवाचं बोट टेकवलं. ते सत्यमच्या डाव्या डोळ्यावर उमटलं. उरलेल्या उजव्या डोळ्यानं तो वर, पडद्याच्या कडेला काहीतरी वाचत होता.

"हे काय हाय?" सत्यम म्हणाला.

 सिंधुबाईंनी ओवाळायचं तेवढं ओवाळून घेतलं.

"शिवांगी. अक्षराचा देश बदलायची विनंती आलीय मला. कायमचा, असं लिहिलंय."

"दाजी, ते माझ्याकडनं झालं," वैजनाथ म्हणाला. "गेम उतरवायला."

"तुला इचारलं न्हाई मी."

"मग सांगायलो."

*

कस्तुराबाईंना एवढंच कळलं की पोराच्या हातात काहीतरी आहे आणि ते त्यानं नाकारलं की सून नांदेडला येईल आणि नांदेडहून शारजाला. त्या पाटासमोर येऊन बसल्या.

"नको म्हण रे. सरळ नको म्हण. संपला इषय."

"थांब आई."

"थांबायचं काय त्यात? मंजुरी तुझ्याकडं मागितली ना? देणार न्हाई म्हण. बापाच्या मंजुरीशिवाय लेकराचा देश बदलतेत का?"

"इहीणबाई बरोबर म्हणतेत," मन्मथअप्पा म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. लेकीच्या बापानं लेकीच्या सासूची बाजू घेतली होती. "पण कारण चुकीचं द्यायलाव. अधिक महिना चालू हाय. ह्या महिन्यात घर बदलत न्हाईत, लग्न करत न्हाईत, नवी गाडी घेत न्हाईत. देश कसा बदलता येईल? जावईबापूंनी प्रकरण नाकारूही नये, मंजूरही करू नये. महिना संपेपर्यंत प्रलंबित ठेवावं."

"महिना संपल्यावर?" वैजनाथनं विचारलं.

"पुढचं पुढं बघू."

"अप्पा, तुमी तहसिलीत असंच करायचाव ना? म्हणून लोकं तुमाला बघून बस बदलायचे."

"वैजू," आई म्हणाली.

"न्हाई, बोलू दे की आज. दिवाळीपासून अक्का हितं हाय. शेजारी इचारतेत तर म्हणायचं लग्नाला आलीय. कुणाच्या लग्नाला? तुमी आमी सगळे मिळून तिला प्रलंबित ठेवलंय. दाजी रोज तिथून डबा बंद करतेत, पोरगी रिमोट हातात घेऊन बघत बसते, आन आपण म्हणायचं लाइट गेली."

कस्तुराबाईंनी कान टवकारले. "कोण काय बंद करतंय?"

"तुमचा पोरगा. तिथं फोनवर वेळ लावलेली हाय. ती संपली की हितला डबा बंद."

"शारजातनं? लातूरचा?"

"हाव."

कस्तुराबाई फोनकडं बघत राहिल्या. गेले कित्येक दिवस नांदेडच्या घरात त्यांची मालिका ऐन रंगात आली की टीव्हीवर निळा पडदा येत असे. केबलवाला म्हणत होता वायर जुनी आहे. त्यांना आता वायर आठवत नव्हती, पोरगा आठवत होता.

"सत्यम," त्या हळू म्हणाल्या, "माझा टीव्ही बी तूच बंद करतोस का?"

"काय बोलतीस आई? ते कसं करता येईल?"

"ह्यांचा करतोस तर माझा का न्हाई करणार? माझा फोन बी तूच घेऊन दिलास."

"आई, ते लहान पोरांसाठी असतं. नियम लावावा लागतो."

"तिला बी लावला होतास का नियम?" कस्तुराबाईंनी मान न वळवता हातानं सुनेकडं दाखवलं. त्या न्यायला आल्या होत्या. पिशवीत शिवांगीसाठी साडी होती, ब्लाउजपीससकट. पण निळ्या पडद्याचा राग साडीपेक्षा जुना होता.

 सत्यमचा कुंकवामागचा डोळा तसाच लाल दिसत होता.

शेषेरावांनी तेवढ्यात विचारलं, "मी सुरू करू का? वरण गार व्हायलंय."

"करा आबा," सत्यम म्हणाला.

शेषेरावांनी मुलाच्या वतीनं पहिला धोंडा फोडला, त्यातल्या पुरणावर तूप वाढून घेतलं आणि मुलाच्या वतीनं खाल्लं.

*

"अजून एक पान हाय," अक्षरा टीव्हीसमोरून म्हणाली.

"वाच," अप्पा म्हणाले.

तिनं आधी मनात वाचलं. मग रिमोटची बटणं अंगठ्यानं दाबत राहिली, लाइट गेलेली असताना दाबतात तसं. मोठे लोक ज्याला नियम म्हणत होते, ते तिला वेगळं माहीत होतं. वेळ संपली की पडद्यावर काळी पाटी यायची आणि खेळ थांबायचा. ती रिमोट खाली ठेवायची नाही. थोड्या वेळानं, कधी लगेच, कधी तिचा पाय मुंग्या येऊन बधिर झाल्यावर, पाटी जायची आणि वर लिहून यायचं: पालकांनी पंधरा मिनिटे वाढवून दिली आहेत. ती त्या पंधरा मिनिटांत खेळत नसे. खेळातल्या घराच्या गच्चीवर तिचा माणूस उभा करून ठेवत असे, नुसता. फोनवर पप्पा अभ्यास विचारायचे. पंधरा मिनिटांत काही विचारायचे नाहीत.

"वाच की गं," वैजनाथ म्हणाला.

"एका कुटुंबातील सर्व सदस्य एकाच देशातील असणे बंधनकारक आहे. देश बदलल्यास सदर सदस्य आपोआप कुटुंबातून वगळला जाईल."

"असं थोडीच असतंय," सिंधुबाई म्हणाल्या. "अर्ध्या नांदेडची पोरं भाइर हायेत."

"डब्याचा नियम हाय आजी." मग अक्षरा फोनकडं वळली. "पप्पा, मग पंधरा मिनिटं कोण देणार?"

"कसली पंधरा मिनिटं?" शिवांगीनं विचारलं.

 शेषेरावसुद्धा चावायचे थांबले.

"मी देतो," सत्यम शेवटी म्हणाला. "रोज. वेळ संपली की वरची. गोदामातनं निघताना."

"रोज?"

"हाव."

"आपोआप परत चालू व्हायचा, मला वाटायचं डबा बिघडलाय," शिवांगी म्हणाली.

ती उठून पाटाजवळ आली. कस्तुराबाई तिला जागा द्यायला सरकल्या. तेवढं सरकणं दोन्ही घरांनी बघितलं. शिवांगीनं पदराच्या टोकानं फोनची काच पुसली. सत्यमचा डोळा मोकळा झाला. तिला वाटलं होतं, तो चिडलेला असेल. तो चिडलेला नव्हता. दाढी नीट झाली नव्हती, आणि मागचा पडदा तिनंच शिवलेला होता, उलटा लावलेला.

शारजात त्यांच्या दाराला कॅमेरा होता. ती भाजीला खाली उतरली की गोदामात त्याचा फोन वाजायचा आणि मग तिचा. एसी किती अंशांवर आहे ते तो तिथून बघायचा. तो ओरडला कधी नाही. मारणं तर दूरच. म्हणून तर माहेरी येऊन सांगायला तिच्याकडं काही नव्हतं. एसीवरून कुणी माहेरी येतं का?

"शिवांगी," तो म्हणाला, "वैजनाथनं दाबलं ते जाऊ दे. तू सांग. कायमची आलीस का?"

"जावईबापू, सणाच्या दिवशी—" अप्पा म्हणाले.

"तुमी थांबा अप्पा." हे कस्तुराबाई म्हणाल्या.

शिवांगी ताटाकडं बघत होती. शेषेरावांनी हात ताटात तसाच धरला होता, घास उचलावा की नाही हे न कळून.

"तिला वरची पंधरा मिनिटं देत होताव," ती म्हणाली. "चांगलं करत होताव. तिनं मला सांगितलं न्हाई, म्हणजे तिला लई मोलाची होती. मी भाजीला जायची. अर्ध्या जिन्यात असतानाच तुमचा फोन यायचा, कुठं निघालीस. मला एक दिवस तरी वरची पाच मिनिटं दिलीत का?"

"मागितली न्हाईस."

"तिनं तरी कुठं मागितली होती?"

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज फोनमधून शारजालाही गेला असावा, कारण सत्यमनं खिडकीकडं बघितलं, तिकडच्या.

"मी नाकारलं तर?" तो म्हणाला.

"तर डबा शारजात राहील. मी हितंच राहीन."

"आन पोरगी?"

 शिवांगीनं अक्षराकडं बघितलं. अक्षरा दोघांकडंही बघत नव्हती. ती पडद्यावरचे शब्द पुन्हा पुन्हा वाचत होती, कुठं चुकून वेगळं लिहिलेलं असेल तर म्हणून.

"अक्षरा," सत्यम म्हणाला, "तुझ्या मैत्रिणी त्याच खेळात असतेत का?"

"हाव पप्पा."

"काय करतेत तिथं?"

"वाडी बांधायलेत. सगळ्यांनी घरं बांधलीत. माझी जागा धरून ठेवलीय."

"किती दिवस धरतील?"

तिनं खांदे उडवले.

"दाबा," शिवांगी म्हणाली.

"रे सत्यम," कस्तुराबाई म्हणाल्या, पण पुढं काय म्हणायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. सकाळी गाडीत ठरवलेलं होतं, ते आता उपयोगाचं नव्हतं.

सत्यमचा अंगठा मोठा होत होत काचेवर आला आणि क्षणभर सगळ्या फोनभर अंगठाच दिसला. मग तो बाजूला झाला. टीव्ही काळा पडला. निळा दिवा विझून पुन्हा लागला.

"आबा," तो म्हणाला, "अनारसं खा एक. माझ्याकडनं."

"कडक हायेत जरा," शेषेराव म्हणाले. "पण खातो."

फोन बंद झाला. तांब्याला टेकलेली काळी काच राहिली आणि तिच्यात वरचा पंखा फिरताना दिसत होता.

*

त्यानंतर जे झालं ते जेवणच होतं. अप्पांनी जावयासाठी घेतलेला टॉवेल-टोपीचा आहेर शेषेरावांच्या हातात दिला आणि 'वतीनं' म्हणाले, पण बारीक आवाजात. कस्तुराबाईंनी पिशवीतली साडी काढून शिवांगीच्या मांडीवर ठेवली. "आणली होती," एवढंच म्हणाल्या, कशासाठी ते म्हणाल्या नाहीत. शिवांगीनं त्यांच्या पाया पडून घेतली. दोघींपैकी कुणाला त्याचा अर्थ विचारायची कुणाची छाती झाली नाही.

डब्यानं आता लातुरात असल्याचं मान्य केलं होतं. खेळाची किंमत रुपयांत दिसत होती. मैत्रिणींच्या वाडीत जायच्या आधी नवं कुटुंब तयार करा, असं तो म्हणाला. पालकाच्या जागी वैजनाथनं स्वतःचं नाव टाकायला घेतलं.

"ए," शिवांगी म्हणाली. "मी हाय."

"बरं, तू. मी आपलं घाई म्हणून."

"घाईत हो म्हणायची तुझी सवय मोड आधी."

तिनं आपलं नाव स्वतः टाकलं, एक एक अक्षर शोधत. कुटुंब झालं. दोन माणसांचं. वेळेची मर्यादा किती ठेवायची, असं डब्यानं विचारलं. ती रिमोट धरून बसली आणि तिला ते ठरवता येईना. पंगतीतून चारी बाजूंनी सल्ले आले. अप्पा म्हणाले तूर्त रिकामं ठेव. कस्तुराबाई म्हणाल्या, ठेवूच नको, ह्या मर्यादेपायीच हे सगळं झालंय. वैजनाथनं ह्या वेळी सल्ला न देता ताटातलं मीठ जास्त झाल्याचं तेवढं सांगितलं.

तेव्हा टीव्हीच्या कोपऱ्यात घंटी वाजली आणि एक चौकोन उघडला.

अक्षरा वाचायला लागली आणि थांबली.

"वाच," अप्पा सवयीनं म्हणाले. मग म्हणाले, "नसंल वाचायचं तर ऱ्हाऊ दे."

पण तिनं वाचलं. उभं राहून, सरळ, अप्पांनी शिकवलं होतं तसं, एकही शब्द न गाळता:

"श्री. सत्यम शेषेराव बारडकर, राहणार शारजा, यांनी आपल्या कुटुंबात सदस्य म्हणून दाखल करून घेण्याबाबत विनंती केली आहे. विनंतीकर्ता अन्य देशातील असल्याने सदर विनंती मंजूर करता येणार नाही. तरी कृपया मंजुरी द्यावी."